यादीतले नाव

गेल्या डिसेंबरात आमच्या धाकट्या मुलाने घरी एक चषक आणला. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेतला उत्कृष्ट खेळाडू म्हणून मिळालेला. वीतभर उंचीचा, सोनेरी मुलाम्याचा, खाली काळा ठोकळा. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही तो टीव्हीशेजारी ठेवला, शेजारीपाजारी पेढे वाटले. प्रमाणपत्र मात्र रात्री जेवणे आटोपल्यावर नीट पाहिले. त्यावर नाव होते ‘ॲबी’, आणि पुढे आमचे आडनाव.

मुलाचे नाव अब्दुर्रहीम. ते त्याच्या आजोबांचे नाव. त्यांच्या इंतकालानंतर तीन महिन्यांनी तो जन्मला, आणि अकीक्याच्या दिवशी दुसऱ्या कुठल्या नावाची चर्चासुद्धा झाली नव्हती. आम्हाला वाटले, लिहिणाऱ्याची चूक असेल. कॉलेजात जाऊन दुरुस्त करून आणू, असे आम्ही म्हणालो.

“चूक नाही, अब्बा. मीच तसं लिहून दिलं होतं.”

का, म्हणून विचारल्यावर त्याने बूट काढता काढता सांगितले. माइकवर पूर्ण नाव कुणाला म्हणता येत नाही. सगळे ‘अब्दुल’वर थांबतात. मग प्रेक्षकांतून कुणीतरी काहीतरी ओरडते आणि बाकीचे हसतात. या एका शब्दावर हल्ली मोबाईलमध्ये कसले कसले विनोद फिरतात ते वाचकांना आम्ही सांगायला नको. “ॲबी म्हटलं की कुणी काही बोलत नाही,” तो म्हणाला, आणि झोपायला गेला.

आता खरे ते लिहितो. त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो, आणि आमच्यापैकी एकजण म्हणाला, “एका अर्थी बरंच झालं.” दुसऱ्याने त्यावर काही म्हटले नाही. म्हणजे दुसऱ्यालाही तसेच वाटले होते. ज्या नावासाठी आम्ही अकीक्याला दोन बकरे दिले, ते नाव मुलाच्या प्रमाणपत्रावर नाही याचे आम्हाला हायसे वाटले. याची लाज दुसऱ्या दिवशी फजरच्या वेळी वाटली, रात्री नाही.

पुढे आठवडाभराने मुलगाच आमच्याकडे एक नाव घेऊन आला. “अम्मी, बघ. हा पण अब्दुर्रहीम.” अमेरिकेतला एक बास्केटबॉलपटू, शरीफ अब्दुर्रहीम. १९९६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिथल्या पॅसिफिक-१० कॉन्फरन्सचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. कॉलेजच्या पहिल्याच वर्षात असलेल्या खेळाडूने हा मान मिळवण्याची त्या कॉन्फरन्समधली ती पहिली वेळ. मुलाला त्याच्या खेळाचे कौतुक होतेच, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटत होते ते त्याचे नाव यादीत पूर्ण छापलेले आहे याचे.

तेव्हापासून आमच्या घरात या पुरस्काराचा विषय निघत राहिला. मुलगा सांगे, आम्ही विचारत असू. बास्केटबॉलमधले आम्हाला फार कळत नाही, पण जे समजले ते सांगतो.

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ सरसकट एकमेकांशी खेळत नाहीत. एका भागातली आठ-दहा विद्यापीठे एकत्र येऊन गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. पॅसिफिक-१० म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडची दहा विद्यापीठे. गटातला प्रत्येक संघ उरलेल्या नऊ संघांशी दोनदा खेळायचा, एकदा आपल्या कोर्टवर आणि एकदा त्यांच्या. म्हणजे जानेवारीपासून मार्चपर्यंत अठरा सामने. हंगाम संपला की गटातल्या सर्वोत्तम खेळाडूची निवड होते. कुठे प्रशिक्षक मत देतात, कुठे वार्ताहर, कुठे दोन्ही. त्यात रोख बक्षीस नसे. कॉलेजच्या खेळाडूने खेळासाठी पैसे घ्यायचे नाहीत असा तेव्हा कडक नियम होता. मिळे ती यादीत एक ओळ. साल, नाव, विद्यापीठ.

पण त्या ओळीची किंमत खेळाडूंना असते. एखाद्या सामन्यात कुणीही चमकतो. इथे तेच ते संघ, तेच प्रशिक्षक तुम्हाला दुसऱ्यांदा भेटतात. पहिल्या वेळी तुम्ही कसे खेळलात ते पाहून त्यांनी तुम्हाला अडवण्याची तयारी केलेली असते. त्यातूनही जो उठून दिसतो त्याला हा मान.

शरीफचा जन्म १९७६ चा, जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा गावातला. मुस्लिम घर, भरपूर भावंडे. उंची सहा फूट नऊ इंच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने एकच हंगाम खेळला आणि सामन्यामागे सरासरी २१.१ गुण आणि ८.४ रिबाउंड मिळवले. त्या वर्षी रमजान जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालला. म्हणजे कॉन्फरन्सचे सामने ऐन भरात असताना. शरीफ पुढे व्यावसायिक खेळातही रोजे ठेवणारा खेळाडू म्हणून ओळखला गेला. आमचा मुलगा रमजानात सरावाला जातो तेव्हा त्याची अम्मी पाण्याची बाटली बॅगेत ठेवायची की नाही यावर रोज घुटमळते, म्हणून ही गोष्ट आम्हाला विशेष वाटली.

त्याच मार्च महिन्यात अमेरिकेत आणखी एका मुस्लिम बास्केटबॉलपटूचे नाव सगळ्या वर्तमानपत्रांत होते, आणि ते बक्षिसासाठी नव्हते.

महमूद अब्दुल रऊफ. डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाचा खेळाडू. १२ मार्च १९९६ रोजी एनबीए या व्यावसायिक लीगने त्याला निलंबित केले, कारण सामन्याआधी राष्ट्रगीत चालू असताना तो उभा राहत नव्हता. आम्ही दोघे तेव्हा शिकत होतो. आपल्याकडे क्रिकेटचा विश्वचषक चालू होता. दुसऱ्याच दिवशी, १३ मार्चला, ईडन गार्डन्सवर आपण श्रीलंकेशी उपांत्य सामना हरलो आणि विनोद कांबळी रडत बाहेर आला. ते आम्हाला काल घडल्यासारखे आठवते. महमूदची बातमी त्या गदारोळात आपल्याकडे कुणी वाचली असेल असे वाटत नाही.

आता या महमूदचे नाव तुम्ही सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत शोधायला गेलात, तर तिथे दुसरेच नाव भेटते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स हा दक्षिणेकडच्या, तेव्हाच्या दहा विद्यापीठांचा गट. त्याचा सर्वोत्तम खेळाडू १९८९ मध्ये ख्रिस जॅक्सन आणि १९९० मध्येही ख्रिस जॅक्सन, लुइझियाना राज्य विद्यापीठ. सलग दोन वर्षे. तोच हा महमूद.

त्याची गोष्ट मुलाने आम्हाला दोन रात्री सांगितली, आणि दुसऱ्या रात्री आम्हीच त्याला झोपू दिले नाही. मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट गावातला गरीब घरातला मुलगा, आईने एकटीने वाढवलेला. त्याला टुरेट सिंड्रोम नावाचा आजार होता. त्यात माणसाचे अंग आपोआप झटके घेते, तोंडातून आवाज निघतात आणि एखादी गोष्ट मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. आजाराचे नावच त्याला सतराव्या वर्षी कळले. तोपर्यंत आपल्याला काय होते आहे ते त्याला सांगणारे कुणी नव्हते. बुटाची नाडी बांधायची, सोडायची, परत बांधायची. चेंडू नुसता बास्केटमध्ये पडून भागत नसे. जाळीला चाटून जाताना त्याचा आवाज बरोबर यायला हवा. तो आला नाही तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कोर्टवर दिवे मालवायची वेळ झाली तरी तो तिथेच. त्या आजाराने त्याला किती छळले असेल ते तोच जाणे, पण त्या छळातून जो हात तयार झाला त्याने कॉलेजच्या पहिल्या वर्षी सामन्यामागे ३०.२ गुण मिळवले. पुढे व्यावसायिक लीगमध्ये दोन हंगामांत फ्री थ्रोमध्ये तो सगळ्या खेळाडूंत पहिला होता.

विद्यापीठातल्या त्याच्या प्रशिक्षकांनी, डेल ब्राउन यांनी, त्याला माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र वाचायला दिले होते. १९९१ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि १९९३ मध्ये नाव बदलले. महमूद म्हणजे ज्याची प्रशंसा केली जाते तो. रऊफ हे अल्लाहच्या नावांपैकी एक, अत्यंत ममताळू. अब्दुल रऊफ म्हणजे त्या ममताळूचा बंदा. (मदरशात शिकलेले वाचक म्हणतील, उच्चार ‘अब्दुर्रऊफ’ असा हवा, ‘र’पुढे लाम उच्चारत नाहीत. बरोबर आहे. शरीफच्या घरच्यांनी ते उच्चाराप्रमाणे लिहिले, महमूदने अक्षराप्रमाणे.)

म्हणजे ज्या दोन वर्षांसाठी त्याला मान मिळाला त्या दोन्ही ओळींत त्याचे आजचे नाव नव्हते. आणि आजचे नाव जगाला ज्यामुळे कळले ते निलंबन.

त्या निलंबनाबद्दल आमच्या घरात वाद झाला, तो जसा झाला तसा लिहितो. राष्ट्रगीताला उभे राहण्याबद्दल आमच्याकडे कधी दुमत नव्हते. आमचे आजोबा पंधरा ऑगस्टला सकाळी इस्त्रीची शेरवानी घालून शाळेच्या मैदानात जायचे, बोलावणे असो नसो. त्यामुळे आमच्यापैकी एकाचे म्हणणे, महमूदने चूक केली. मुलाचे म्हणणे, त्याने गाजावाजा केला नव्हता. गीत चालू असताना तो आत राहायचा किंवा बाजूला बसायचा, आणि हंगामातले कितीतरी सामने होईपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आले नव्हते. विचारल्यावर त्याने कारण सांगितले, की तो ध्वज त्याच्या लोकांसाठी जुलमाचेही चिन्ह आहे आणि त्याची निष्ठा फक्त अल्लाहशी आहे. एका सामन्यानंतर तडजोड झाली. तो उभा राहील, पण मान खाली घालून, डोळे मिटून दुआ करील. पुढच्या सामन्यात तो तसाच उभा राहिला, चेहऱ्यापुढे ओंजळ धरून.

गंमत अशी की या वादात आमच्या बाजूने बोलणारा माणूस तिथेही होता, आणि तोही मुस्लिम, तोही एका कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू. हकीम ओलाजुवान. नायजेरियातल्या लागोसचा मुलगा, १९८० मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात आला. १९८४ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू. त्या हंगामात सामन्यामागे १३.५ रिबाउंड. पुढे त्याने ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाला १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली. १९९५ चा फेब्रुवारी जवळपास पूर्ण रमजानचा होता. हकीम रोजे ठेवून खेळला आणि त्या महिन्याचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९६ च्या वादात त्याने जाहीरपणे सांगितले, की मुस्लिमाने तो ज्या देशात राहतो तिथल्या कायद्याचा आणि रीतीचा मान राखावा असे इस्लाम शिकवतो. आमच्यापैकी जो वादात त्या बाजूचा होता तो हे ऐकून खूश झाला. मुलगा म्हणाला, “हो, पण अब्बा, त्यानेही नाव बदललं.”

तेही खरेच. कॉलेजात असताना त्याचे नाव ‘अकीम’ लिहिले जाई. १९८४ चा मान अकीम ओलाजुवानला आहे. १९९१ मध्ये त्याने पुढे ‘ह’ लावून घेतला. आपण नाव बदलत नाही, नीट लिहितो आहोत, अशी त्याची भूमिका होती. एका अक्षरासाठी सात वर्षे. आणि त्याची कॉन्फरन्स तर १९९६ मध्ये मोडूनच गेली, विद्यापीठे दुसऱ्या गटांत विखुरली. यादी तिथेच थांबली.

वाचक म्हणतील, करीम अब्दुल जब्बार यांचे नाव कसे आले नाही. ते कॉलेजात ल्यू अल्सिंडर होते हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हाला सारखे शरीफकडे यावेसे वाटत होते, कारण या तिघांत त्याचे एकट्याचे नाव पहिल्या दिवसापासून तेच आहे. त्याला ते मिळवावे लागले नाही, दुरुस्त करावे लागले नाही. त्याच्या आई-वडिलांनी त्याला ते दिले आणि जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यात तो ते घेऊन शाळेत गेला. तिथे त्याला कोण काय म्हणाले असेल ते कुठे लिहिलेले नाही. त्याने ते छोटे केले नाही एवढे दिसते.

त्याच्या बाबतीतही एक गोष्ट विचित्र घडली. तो ज्या हंगामात खेळला त्या हंगामातले त्याच्या संघाचे बहुतेक विजय नंतर नोंदीतून काढून टाकले गेले. संघाच्या प्रशिक्षकाने दुसऱ्या एका खेळाडूच्या पालकांना पैसे दिल्याचे उघड झाले आणि ती शिक्षा झाली. शरीफचा त्यात काही संबंध नव्हता. त्यामुळे संघ कागदावर ते सामने हरला आहे, पण त्या सामन्यांत सर्वोत्तम खेळलेल्या मुलाचे नाव यादीत तसेच आहे. प्रशिक्षकाच्या लबाडीचे पाणी ज्यांनी घाम गाळला त्या सगळ्या पोरांच्या डोक्यावर पडावे, हे आम्हाला तरी पटले नाही. नियम असेल.

त्यानंतर शरीफला व्हँकूव्हरच्या व्यावसायिक संघाने घेतले. संघ दुबळा होता, सारखा हरायचा. २००० मध्ये तो अमेरिकेच्या संघातून सिडनीला गेला आणि ऑलिम्पिक सुवर्णपदक घेऊन आला. त्याच वर्षी व्हँकूव्हरच्या संघात एक जुना खेळाडू दाखल झाला. दोन वर्षे लीगच्या बाहेर राहिलेला, वय एकतीस. महमूद अब्दुल रऊफ. १९९६ च्या मार्चमध्ये एकाचे नाव सर्वोत्तम खेळाडू म्हणून आणि दुसऱ्याचे निलंबित म्हणून छापून आले होते. आता दोघे एका खोलीत बूट बांधत होते. महमूद ४१ सामने खेळला. त्या हंगामात संघाने २३ सामने जिंकले आणि ५९ हरले, आणि व्हँकूव्हर शहराने तो संघच गमावला, तो मेम्फिसला गेला. महमूदची अमेरिकेतली कारकीर्द तिथे संपली. २००१ मध्ये मिसिसिपीतले त्याचे घर आगीत खाक झाले. पुढे तो जपानसह इतर देशांत खेळत राहिला.

त्याच्या विद्यापीठाने त्याचा ३५ क्रमांकाचा पोशाख सन्मानाने निवृत्त केला तो २०२० मध्ये. म्हणजे तो क्रमांक पुढे कुणालाच द्यायचा नाही. कॉलेज सोडून त्याला तीस वर्षे झाली होती. समारंभात तो महमूद अब्दुल रऊफ म्हणून उभा राहिला. ख्रिस जॅक्सनसाठी टाळ्या वाजवलेले लोकही त्या स्टेडियममध्ये होते, आता साठी-सत्तरीतले.

शरीफने खेळ सोडल्यावर एक काम केले त्याचे आम्हाला विशेष मोल वाटते. एका वर्षात सोडलेले बर्कलीचे शिक्षण त्याने पुन्हा धरले आणि २०१२ मध्ये समाजशास्त्राची पदवी घेतली. पैसा होता, नाव होते, गरज नव्हती. पस्तिशीतला माणूस मुलांच्या शेजारी बाकावर बसला. मुलाला हे सांगताना आम्ही आवाज जरा चढवला, कारण बारावीच्या सराव परीक्षेचे गुण त्याच आठवड्यात आले होते. त्याला तो रोख कळला.

त्याच घरातले आणखी एक नाव दुसऱ्या एका कॉन्फरन्सच्या यादीत गेले. शरीफचा धाकटा भाऊ अमीर अब्दुर्रहीम प्रशिक्षक झाला. केनेसॉ स्टेट या विद्यापीठात पहिल्या वर्षी त्याचा संघ एक सामना जिंकला आणि २८ हरला. चौथ्या वर्षी तोच संघ पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. मग तो साउथ फ्लोरिडा विद्यापीठात गेला आणि पहिल्याच हंगामानंतर, २०२४ मध्ये, अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्सचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वैद्यकीय उपचारांदरम्यान त्याचे निधन झाले. वय ४३. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. मुलाने हे आम्हाला सांगितले तेव्हा त्याची दादी तिथेच तसबीह घेऊन बसली होती. कोण, कुठला, काही माहीत नसताना तिने हात उचलले. तिच्या कानावर फक्त ‘अब्दुर्रहीम गेला’ एवढेच पडले होते.

दादीने तेव्हा एक सांगितले, त्याने आमचा सगळा तर्क उलटापालटा केला. आम्ही मुलाला आजोबांचे नाव सांभाळ म्हणत होतो. दादी म्हणाली, “तुझ्या दादांना पूर्ण नावाने मी सोडून कोण हाक मारायचं?” बाजारात ते रहीमभाई होते. गिऱ्हाइके अब्दुलशेठ म्हणत. एक जुने मित्र होते, ते नुसते ‘शेठ’. आम्ही त्यांचे कागद काढले. रेशनकार्डावर ‘अब्दुल रहिम’, बँकेच्या पासबुकात ‘अब्दुलरहीम’, मतदार यादीत ‘रहीम अब्दुल’. एकाही कागदावर ते अब्दुर्रहीम नव्हते. हल्ली कागदांवरची नावे जुळतात की नाही याची आपल्या घराघरांत किती धास्ती आहे, आणि इथे एका माणसाची तीन नावे एका पिशवीत निघाली.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारू नका अशी ताकीद आहे. आम्ही ती मुलाला सांगायला गेलो. तो म्हणाला, ॲबी हे वाईट नाव नाही आणि ते माझं मीच घेतलंय, आणि जे वाईट अर्थाने ‘अब्दुल’ म्हणतात त्यांना ती ताकीद सांगा ना. याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ‘अब्दुल’ हा शब्द तसा अर्धाच आहे, ‘बंदा, अमक्याचा’ म्हणून तो थांबतो, आणि कुणाचा ते म्हणायचे राहून जाते. हे त्याला समजावल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.” सतरा वर्षे आम्ही त्याला त्या नावाने हाक मारतो. अर्थ सांगितला असेल असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो. आपापल्या मनात दुसऱ्यावर टाकून.

महमूदबद्दल मुलाला एक प्रश्न अजून आहे. त्याला नाव बदलायचेच होते, तर यादीतलेही बदलून का मागितले नाही? आम्ही म्हटले, सामने ख्रिस जॅक्सनने खेळले, ते कसे नाकारणार. मुलगा म्हणाला, “पण हात तर तोच होता.”

पुढच्या महिन्यात विभागीय निवड चाचणी आहे. तिचा अर्ज सध्या जेवणाच्या मेजावर पडून आहे. त्यात नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीन चौकटी आणि त्याखाली एक वेगळी चौकट आहे, जर्सीच्या पाठीवर छापायचे नाव, जास्तीत जास्त आठ अक्षरे, इंग्रजीत. मुलाने पहिल्या चौकटीत पूर्ण नाव लिहिले आहे, न सांगता. शेवटची चौकट रिकामी आहे. आमच्यापैकी एक म्हणतो ‘रहीम’ लिही, आजोबांनाही तसेच म्हणत. दुसरी म्हणते, आठ अक्षरांत मावत नसेल तर नुसता क्रमांक छापू देत, अर्धे नाव नको. दादीला विचारले तर ती म्हणाली, पाठीवरचे नाव मागच्यांना दिसते, त्याला त्याचे काय.

अर्ज गुरुवारपर्यंत द्यायचा आहे.